पिवळ्या फुलाचा पहारा

"पिशवी खाली ठेवा, बाई. सावकाश," हेडली थ्वेट म्हणाला.

बाईने पिशवी खाली ठेवली. वय पन्नाशीचं, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रिकामी बाटली. ती रानाच्या वरच्या अंगाने उतरून आली होती. तिकडून कधी कुणी येत नसे.

"पाणी भरते नि जाते."

"ओढा तर वरूनच येतो."

"वर दगडात मुरतो. बाहेर येतो तो इथे."

हे खरं होतं. पण पस्तीस वर्षं यॉर्कशरच्या या खोऱ्यात टपाल वाटताना हेडलीने खरं बोलणारे लबाड पुष्कळ पाहिले होते.

त्याच्या पाठीशी, रानलसणाच्या पांढऱ्या गर्दीत, तारेचा एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एकच फूल. बाळाच्या बुटाएवढी पिवळी पाकळी, तिच्याभोवती तपकिरी फितींसारख्या चार. पहारेकरी तिला नुसतं 'ती' म्हणत. अशी फुलं देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. शेजारच्या खोऱ्यातलं रोप दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मुळासकट उपटून नेलं होतं. राखणदार जेवायला गेला, तेवढ्यात.

तेव्हापासून हेडली जेवायलाही उठत नसे. बी धरायला अजून दहा दिवस हवे होते. दहाच.

त्याने पिशवी उघडली. खुरपं. ओलं शेवाळ अंथरलेला डबा. रंगाचा बारीक कुंचला.

"हे कशाला?"

"माझं काम आहे."

"कसलं?"

बाई म्हणाली, "डगडेलबाईंना विचारा. तुमच्या समितीच्या चिटणीस. त्या सांगतील."

"त्यांचं नाव रानाच्या तोंडाशी पाटीवर लिहिलंय. मलाही वाचता येतं."

"मग फोन लावा."

"फोन लागतो खालच्या फाटकाशी. मी तिथे गेलो की इथे ती आणि तुम्ही, दोघीच."

"मी जाते फाटकाशी."

"आणि तिथून गाडीत बसून पसार. झकास!"

बाईने बाटली काखेत मारली आणि ती आल्या वाटेने चढू लागली. हेडलीने गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली.

"आणखी दोन पावलं टाका, फुंकतो. खाली लोकर कातरायला बारा जण जमलेत. सगळे तुमच्या मागोमाग वर येतील, कुत्र्यांसकट."

बाई थबकली. वर झाडीकडे पाहिलं, खाली पाहिलं. मग मुकाट्याने परत येऊन आडव्या पडलेल्या ॲशच्या झाडाच्या बुंध्यावर बसली.

चोर नसती तर घाबरली असती कशाला? हेडलीने मनाशी म्हटलं.

"डगडेलबाई येतात कधी?"

"एकला. सूप घेऊन. रोजच्या रोज."

"आणि आत्ता?"

"सव्वाअकरा."

बाईचं तोंड उतरलं. हेडलीने थर्मासमधला चहा ओतून तिच्यापुढे धरला.

"चोराला चहा पाजणारे पहिलेच राखणदार तुम्ही, काका."

"चहा सगळ्यांना. ती कुणालाच नाही."

बाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "पबमध्ये फार बोलता म्हणे तुम्ही हिच्याबद्दल."

"जागा सांगत नाही कुणाला."

"ओढ्याच्या वळणावर, पडलेल्या ॲशच्या मागे. मला एका मेंढपाळाने सांगितलं. तुमचं नावही."

हेडलीचे कान लाल झाले. म्हणजे हिने असा माग काढला तर! एक मात्र त्याला उमगेना. इतका वेळ झाला, पण या बाईने पिंजऱ्याकडे एकदाही नजर टाकली नव्हती. मुरलेली दिसतेय, तो म्हणाला मनात. जे न्यायचं त्याच्याकडे बघायचंच नाही.

साडेबाराच्या सुमाराला वर टेकडीच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. जवळ आला आणि थांबला. दार लागलं. रानात घुमणारं कबुतर गप्प झालं.

बाई ताडकन उठली. "काका, मला जाऊ द्या. अर्धाच तास. पिशवी ठेवून घ्या, माझ्या गाडीची किल्ली ठेवून घ्या, काय हवं ते घ्या."

"साथीदार आला वाटतं?"

"मला सांगता येत नाही. शब्द दिलाय मी."

"चोरही देतात एकमेकांना."

ती पुढे सरकली. त्याने शिट्टी दातांत धरली. तिने पुन्हा वर पाहिलं, मग खालच्या कुरणाकडे, जिथून माणसांचा हसण्याचा आवाज येत होता. "फिरायला आलेलं असेल कुणी," ती स्वतःशीच पुटपुटली आणि खाली बसली.

वीसेक मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज टेकडीपलीकडे विरत गेला. कबुतर पुन्हा घुमू लागलं.

बाईने तोंड ओंजळीत लपवलं. हेडलीला क्षणभर तिची कणव आली. आणि मग, कितीतरी वर्षांनी, छाती अभिमानाने फुलली. टोळी हात हलवत परत गेली होती. वाऱ्याची झुळूक आली तशी पिंजऱ्यातली पिवळी पाकळी हलली, तिच्या तिच्या नादात.

एकला डगडेलबाई आल्या, सुपाचा डबा छातीशी धरून, धापा टाकत. हेडली उठून टपालवाल्यासारखा ताठ उभा राहिला.

"दोन तास धरून ठेवलीय, डगडेलबाई. वरच्या अंगाने उतरली. हिचा जोडीदार गाडी घेऊन आला होता वर, वाट पाहून गेला. आपली ती सुखरूप आहे. बघा!"

त्याने पिंजऱ्याकडे बोट केलं. डगडेलबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या बुंध्यावरच्या बाईकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

"हिल्डा, तू इथे?" त्या म्हणाल्या. "मग वर, खऱ्या फुलापाशी कोण आहे?"