पेपरात न आलेला फोटो

"प्रणालीचा फोटो तेवढा छापू नका," खरमाटे सरांनी वार्ताहराला पुन्हा विनवलं.

अ‍ॅथलेटिक्सची विद्यापीठ ढाल यंदाही त्यांच्याच कॉलेजच्या मुलींनी आणली होती. पण विजेतीचा फोटो पेपरात आला की तिला स्थळं यायची, आणि पुढच्या हंगामात सर नव्या पोरीला स्टार्ट घ्यायला शिकवत बसायचे. कपाटात ढाली मावेनात. देशासाठी पळणारी मात्र एकही निघाली नव्हती. तशी प्रणाली सरांना स्वतःच्या निवृत्तीच्या तोंडावर सापडली होती.

फोटो आला नाही. महिनाभरानं तिचे वडीलच पेढे घेऊन मैदानावर आले.

"पोरीचं जमलं, सर. मुलगा फौजदार आहे."

पेढा सरांच्या हातातच राहिला. "त्यांना हिच्याबद्दल कळलं कसं?"

"मुलाची आई तुमचीच जुनी खेळाडू. म्हणाल्या, खरमाटे सरांच्या हाताखालची पोरगी, आणखी चौकशी कशाला?"

नाव ऐकताच सरांना ती लख्ख आठवली. लग्न ठरल्यावर कॉलेजचे स्पाइक्सचे बूट परत करताना किती रडली होती.

"मग ती हिचं पळणं थांबवायची नाही," ते आशेनं म्हणाले.

"तेही विचारलं मी," वडील समाधानानं हसले. "म्हणाल्या, पळणं सोडून माझं कुठं काय अडलं?"