चुलीचा वार

कुंबाने कापड निळीच्या रांजणात सोडलं आणि मगच तिला आठवलं, आज आपला वार.

म्हणजे आजपासून दोन दिवस चूल तिची आणि नवराही तिचा. पुढचे दोन दिवस सवतीचे, जैनबाचे. नवरा उसेनू बाजारात टायरची पंक्चरं काढायचा. माणूस साधा, पण वारांच्या बाबतीत भलताच काटेकोर. साबणाची वडीसुद्धा दोघींना सारखी आणणार. अख्ख्या ब्रिकामा गावात असा न्यायी नवरा नाही, असं शेजारणी म्हणायच्या. त्यांचं काय जातंय म्हणायला!

शुक्रवारी लग्न होतं. लग्नघरच्या साऱ्या बायका कुंबाने रंगवलेलं एकसारखं कापड नेसणार होत्या. एवढं मोठं काम तिच्या अंगणात पहिल्यांदाच आलं होतं. साधलं तर नाव होणार, बिघडलं तर पुन्हा कुणी दाराशी फिरकणार नाही. आणि निळीचा रांजण म्हणजे तान्हं मूल, सोडून उठायची सोय नाही. नक्षीसाठी गाठी मारलेलं कापड बुडवायचं, वर काढून हिरवटाचं निळं होईतो वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं. तळाशी फार वेळ राहिलं की डागाळलंच.

दारात जैनबा उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती अशीच चौकटीला टेकून बघत राहायची. कुंबाला ती नजर पाठीत रुतायची.

"ताई, हा वार मी घेऊ का? तुम्ही रंगाचं बघा."

"चूल मागतेस की नवरा?" कुंबा फणकारली. "माझे हात अजून मोडले नाहीत, बाई."

जैनबा मान खाली घालून आत गेली. कुंबाला जरा वाईटही वाटलं. पण जिने चूल सोडली तिने नवरा सोडला, असं सगळी वस्ती धरून चालते. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

मग नुसती धावपळ. मासे तळले की रांजणाकडे. शेंगदाण्याचं कालवण ढवळलं की रांजणाकडे. हात नीट धुवायलाही सवड नव्हती. दुपारी सगळे मोठ्या परातीभोवती बसले, तेव्हा पांढऱ्या भातावर चांगलीच निळी झाक होती. उसेनूने घास उचलला, उजेडात धरून पाहिला आणि मुकाट्याने खाल्ला. जैनबा दोन घास खाऊन उठून गेली. कुणी ओरडलं असतं तरी बरं झालं असतं. कुंबाला रडू आवरेना.

परात घासता घासता तिला एकदम आठवलं. शेवटची कापडं! भात करपू नये म्हणून ती मघाशी उठली होती, ती कापडं तेव्हापासून तळाशीच होती.

ती तशीच अंगणात धावली. कापडं दोरीवर वाळत होती. एकसारखी निळी, कुठे डाग नाही. रांजणाशी जैनबा उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत निळी. शेवटचं कापड तिने वर धरलं होतं. हिरवट कापड वाऱ्यावर हळूहळू निळं होत होतं आणि ती भान हरपून बघत होती.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, ताई. वर्षभर दारात उभी राहून मी दुसरं काय बघत होते?" मग घाबरत घाबरत म्हणाली, "नवरा तुमच्याकडेच राहू द्यात. चारही दिवस. मला फक्त एक रांजण द्या."

कुंबाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. वर्षभर ती नवऱ्याला राखत बसली होती, आणि हिचा जीव रांजणात!

"चारही दिवस? मग माझा धंदा कोण बघणार, वेडे?" कुंबा तिच्याशेजारी बसली. "ते टोक धर. आणि गाठ ओली असताना सोडायची नाही, एवढं लक्षात ठेव."

ऊन उतरलं तेव्हा उसेनू घरी आला. चूल थंड होती. त्याने पातेल्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. डोकं खाजवत तो अंगणात आला. आजवर वारांच्या हिशेबात त्याची कधी चूक झाली नव्हती.

"अगं, आज वार कुणाचा आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापले निळे हात वर केले.

"तुमचा," दोघी एकदमच म्हणाल्या.