रजेचा महिना

“कधी यावं तुमच्याकडं?” इस्लामपूरहून कोणीतरी फोनवर विचारत होतं.

“दिवाळी ते होळी या साहेब,” शिवांजली पाढा म्हणावा तशी म्हणाली. “हवा गार, पाणी काठोकाठ, बोटी चालू. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, नुसता गाळ दिसतो. आन् पावसाळ्यात तर येऊच नका. जळवा लागतात, लाईट नसती, रस्ता कवा खचंल सांगता येत न्हाई.”

फोन ठेवून तिनं पुन्हा भाकरीच्या पिठात हात घातला. कोयनेच्या पाण्याकाठी पर्यटकांसाठी त्यांच्या चार खोल्या होत्या. धाकटा दीर लालासाहेब बोट चालवायचा, सासू मनुबाई मसाला बघायची, आणि कोणत्या ऋतूत काय बघावं हे सांगायचं काम शिवांजलीचं. त्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी ऋषिराज होता, तिचा नवरा. लष्करात, पार सिक्कीमला.

त्या घरात फौजीचा फोन एकट्यानं ऐकायची रीत नव्हती. आला की स्पीकरवर टाकायचा, पडवीत मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात नवराबायकोचं फोनवर जे काही बोलणं झालं, ते सगळं हवामानाचं आणि जेवणाचं. रेडिओवर लावलं असतं तरी कुणाची हरकत नसती.

“सायबांनी रजेचा महिना कुठला ते इचारलंय,” ऋषिराज म्हणाला. “औंदा तुकडं पाडून मिळायची न्हाई, एकदाच. आजच सांगायचंय. कवा येऊ?”

“ह्ये काय इचारणं झालं, दादा?” लालासाहेब म्हणाला. “चैतात, यात्रेला. औंदा देवाच्या सासनकाठीचा मान आपल्या घराला हाय. काठी तूच धरायची.”

“मलाबी तसंच वाटलं.” ऋषिराज म्हणाला. “शिवांजली काय म्हणती?”

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मागं दोन्ही रजांच्या वेळी तिनंच “यात्रेला या” म्हणून सांगितलं होतं. फौजीच्या बायकोनं तसंच म्हणायचं असतं. तो आला, आणि आला तसा गावाचा झाला. सकाळी भावकी, दुपारी मित्र, संध्याकाळी पालखी. दारातून सारखी हाक, “ऋषी हाय का रं?” ती चुलीपुढं मटणाची पातेली उतरवत बसायची. रात्री तो दमून पाहुण्यांच्या ओळीत पडवीतच झोपायचा. रजा संपून तो एस.टी.त बसला की तिला वाटायचं, आपला नवरा आला होता हे आपण लोकांच्या तोंडूनच ऐकलं.

तिला फार काही नको होतं. ज्या दिवशी त्याला कोणी हाक मारणार नाही, असा एक दिवस हवा होता. बोटी काठावर ओढून ताडपत्रीखाली घातलेल्या, वाट चिखलानं बंद, समोरचं पाणी धुक्यात गुडूप, चुलीवरच्या दोरीला न वाळलेले कपडे. आणि तो घरात. नुसता घरात. तिला त्याला एकदा नीट बघायचं होतं. त्याला चहा गोड लागतो की अगोड, हेसुद्धा अजून तिला सासूला विचारावं लागायचं.

तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

“आखाडात या,” ती म्हणाली.

लालासाहेबाला हसू फुटलं. “आखाडात? आवं वयनी, दादाला काय जळवा धरायला बोलावताय व्हय?”

“आखाडात तिथं काय असतंय?” ऋषिराजलाही कळेना.

“कायबी नसतं.” तिनं शब्द मागं घेतला नाही. “कुणी येत न्हाई, कुणी जात न्हाई. म्हणूनच या.”

शिवांजलीचे कान तापले. सासूदेखत, दिरादेखत हे आपण काय बोलून बसलो, असं तिला झालं. लालासाहेबाचं हसू कुठल्या कुठं गेलं आणि तो उगाच पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

“आई काय म्हणती?” ऋषिराजनं हळूच विचारलं.

मनुबाई लसूण सोलत होती. तिचा नवराही फौजी होता, आणि पेन्शनीत निघायच्या आधीच, नोकरीतच गेला होता. तिनं मान वर केली नाही.

“काठी लाला धरंल,” ती म्हणाली. “तू आखाडात ये.”

“अगं आई, मान थोरल्या पोराचा असतोय!” लालासाहेब म्हणाला. “गाव काय म्हणंल?”

“गाव लय चांगलं म्हणतंय रं. तुझ्या बापालाबी म्हणायचं. उभ्या नोकरीत एक यात्रा चुकवली न्हाई त्यांनी, मीच बोलवायची.” मनुबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. तिनं सुनेकडं पाहिलं.

“एक पावसाळा न्हाई गं बघितला मी त्यांच्यासंगं.”