जांभळी बॅग

कौन्सिलची गाडी दारात थांबली तशी टिल्डी खिडकीपासून मागे सरकली. ग्वेनच्याही काळजात धस्स झालं. निराधार पोरांना घरं शोधून देणाऱ्या कौन्सिलनेच ग्वेनकडे सांभाळायला दिलेली पोर ती. न कळवता तिथलं कुणी आलं की पोरीला हलवणार, हेच आधी मनात यायचं.

पण आलेल्या बाईच्या हातात चाकांची, नवी कोरी जांभळी बॅग होती. टिल्डीच्या नावाची चिठ्ठीसुद्धा लावलेली.

ग्वेनचा जीव भांड्यात पडला. कौन्सिलच्या मागच्या बैठकीत तीच तर कडाडली होती, "या पोरांना घरामागून घरं बदलायला लावता, वर त्यांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबून पाठवता! लाज कशी वाटत नाही?"

"ही माझी?" टिल्डीने विचारलं.

"तुझीच. अगदी कायमची," बाई हसून म्हणाली.

टिल्डी बॅग उचलून वर गेली. ग्वेनने चहा टाकला.

"चला, एक काम तरी धड केलंत म्हणायचं!"

"तुमच्याच शिव्यांचा प्रताप हो हा," बाई चहात बिस्किट बुडवत म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर चाकं धडधडली. दोघी धावत बाहेर आल्या. कोट चढवून, बुटांच्या नाड्या बांधून टिल्डी शेवटच्या पायरीवर उभी होती. शेजारी गच्च भरलेली बॅग.

"ग्वेनमावशी, उशाजवळचा दिवा दोनदा दाबला तरच लागतो," ती म्हणाली. "पुढच्या मुलीला सांगशील ना?"