मानाची म्हैस

उद्यावर पोळा आला आणि उकंडराव पाटील अंगणात बसून म्हशीच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. गेल्या पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार यावरून वरच्या आणि खालच्या आळीत काठ्या निघाल्या होत्या. यंदा तसं झालं तर पाटीलकी गेली समजा, असं बुलढाण्याच्या साहेबानं ठणकावलं होतं. त्यावर पाटलांनी दवंडी कसली द्यावी? तर मान ना वरच्या आळीला, ना खालच्या. पहिली जाईल पाटलाची म्हैस.

सरस्वतीबाईंनी विहिरीवरून येऊन घागर आदळली.

"अवो, सारं गाव तुमाले येडं म्हणून राह्यलं. बाया मले इचारतेत, पाटलीनबाई, म्हशीले झूल शिवली का?"

"कोनती आळी म्हनते येडं?"

"दोन्ही. मारुतीच्या पारावर मांडीले मांडी लावून बसले हायेत सारे."

पाटलांच्या हातातली चिंधी थांबली. "मांडीले मांडी? आन् काय ठरवून राह्यले?"

"एक बैल वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, अशी जोडी करून पुढं काढाची. पन पाटलाची म्हैस तोरनाखाली येऊ द्याची नाही. मारुतीची शपथ घेतली दोन्ही आळ्याइनं."

उकंडरावांनी मोठा श्वास सोडला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"धुऊन टाक हिची शिंगं. यंदाची पाटीलकी हिनंच केली."