पाहुण्यांचा कप

घरातला टवका उडालेला कप कायम तिचाच. नवरा गेला, घरात ती एकटीच उरली, तरी पाहुण्यांचे कप आपले कपाटातच. लेक फोनवर वैतागायची, "आई, आता तरी चांगल्या कपातून पी गं!"

"मला काय, चालतं."

आज तो कप हातातून निसटला आणि फुटला. नाइलाजाने तिने पाहुण्यांच्या कपात चहा गाळला, टेबलावर नेऊन ठेवला आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर खुर्ची रिकामीच. चहावर साय धरायला लागली.

"उभी का? बस की," शेवटी ती स्वतःलाच म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या घरात तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं.