धोट्याचा आवाज

"बाबा, चारशे लोक पाहून राहिले!" भारती ओरडली. उमरेडच्या घरातून सासरे जागेश्वर यांचं विणकाम ती आज पहिल्यांदाच फोनवरून थेट दाखवत होती. फोन तिने हातमागालाच बांधला होता. जागेश्वरही जोशात धोटा फेकत होते. मागे टीव्हीवर निवेदक गर्जत होता, "आता पाकिस्तानला कायमचा धडा शिकवा!"

इतक्यात फोनवर एका प्रेक्षकाची ओळ उमटली. भारतीने ती घाईघाईने वाचली, "चाचा, हाथ रोको! शटल अटकने की आवाज़ आ रही है. तार टूटा होगा."

जागेश्वर थांबले. ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. काठाजवळचा धागा खरंच तुटून गुंतला होता. आणखी वीतभर विणलं असतं, तर साडी वाया गेली असती.

"नुसत्या आवाजावरून ओळखलं! पक्का विणकर दिसते. कुठचा आहे वं?"

भारती त्याचं खातं पाहून चाचरली. "मुलतानचा. पाकिस्तानातला, बाबा."

जागेश्वर फोनकडे वाकले. मग एकदम खुलले. "त्याले म्हण, उद्या तुझा माग दाखव, मी पाहतो. अन् आधी तो टीव्ही बंद कर. त्याले मुलतानात माझा धोटा ऐकू आला, मले इथं बसून नाही!"